सातव्या लेनमधला घोडा

सातव्या लेनमध्ये, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलच्या सातव्या रांगेत, माणूस नव्हताच. पेशंट नाही, कंट्रोल नाही, कुणाची लघवीही नाही. कॅज्युअल्टीतून मागून आणलेल्या एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, बाटलीच्या तळाशी जे दोन थेंब उरले होते, ते भरपूर पातळ करून मी त्या खाचेत सोडले होते. तरीही फिल्म धुऊन उजेडात धरली, तर 25 किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) खुणेशी काळाकुट्ट पट्टा. नेमका त्याच उंचीवर, जिथे आम्ही महिनाभर पेशंटांच्या लघवीत एनगॅल हे माणसाचं प्रथिन शोधत बसलो होतो.

"मॅडम, म्हणजे हा घोडा आहे?" आमच्या रेसिडेंटने विचारलं.

घोडाच होता. आणि आमच्या 19 पेशंटांपैकी 18 जणांच्या लेनमध्ये तो कमीअधिक प्रमाणात बसलेला होता. तो तिथे कसा पोचला, आम्हाला तो इतके दिवस का दिसला नाही, आणि तो बाजूला काढल्यावरही अर्धा घोळ कसा शिल्लक राहिला, ते सगळं सविस्तर लिहून ठेवते. नाशकातल्या एका शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागातली ही गोष्ट आहे. प्रबंध रेसिडेंटचा, गाईड आमचे एचओडी सर, आणि बेंचवरची जबाबदारी माझी.

प्रश्न कुठून आला

जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा भाताचा आणि भरपूर पावसाचा पट्टा. आषाढात आवणी सुरू झाली की माणसं दिवसभर चिखलात, बांधावर गवत कमरेइतकं, आणि त्या गवतात घोणस. रात्री-अपरात्री जीपमध्ये घालून पेशंट आणतात. घोणशीचं विष रक्त गोठू देत नाही आणि किडनीच्या नलिकांवरही घाव घालतं. वॉर्डातली पहिली तपासणी अगदी साधी. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात लावायचा नाही, मग ट्यूब कलती करायची. रक्त ओघळलं तर विष भिनलंय. मग एएसव्ही, सुरुवातीलाच 8 ते 10 बाटल्या.

किडनीचं काय झालं, हे मात्र इतक्या लवकर कळत नाही. क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची नेहमीची रक्ततपासणी, ही शिळी बातमी असते. नलिकांना इजा झाल्यावर ते वर चढायला एक ते तीन दिवस घेतं. 2012 च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे 48 तासांत क्रिएटिनीनमध्ये डेसिलिटरमागे 0.3 मिलिग्रॅमची वाढ, किंवा सात दिवसांत मूळ आकड्याच्या दीडपट, किंवा लघवी सलग सहा तास किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी, यातलं काहीही एक झालं की किडनीला तातडीची इजा झाली असं धरतात. म्हणजे निकष पुरा होईपर्यंत पेशंट बऱ्याचदा पुढच्या वळणावर गेलेला असतो.

रेसिडेंटचा प्रश्न सरळ होता: घोणस चावलेल्या माणसाच्या लघवीत एनगॅल क्रिएटिनीनच्या आधी वाढतं का?

हे एनगॅल मुळात किडनीचं नाहीच, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. 1993 साली कोपनहेगनच्या संशोधकांनी ते माणसाच्या न्यूट्रोफिल्समधून, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून वेगळं केलं. त्या पेशींच्या कणिकांमध्ये ते जिलेटिनेझ नावाच्या विकराला चिकटलेलं सापडलं, म्हणून त्याचं लांबलचक नाव 'न्यूट्रोफिल जिलेटिनेझ असोसिएटेड लिपोकॅलिन'. मग 2002 मध्ये त्याचं खरं काम उलगडलं. ई. कोलायसारखे जंतू लोह ओढून घ्यायला सायडेरोफोर नावाचे रेणू सोडतात, आणि एनगॅल ते रेणूच लोहासकट गिळून टाकतं. जंतूंशी समोरासमोर लढायचं नाही, त्यांची रसद तोडायची. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हा डावपेच वेगळा समजवावा लागत नाही.

किडनी या गोष्टीत पुढच्या वर्षापासून आली. 2003 मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की किडनीचा रक्तपुरवठा काही वेळ तुटला की इजा झालेल्या नलिका स्वतःच एनगॅल भराभर बनवून लघवीत सोडतात. 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सिनसिनाटीचा तो गाजलेला पेपर आला. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली 71 मुलं, त्यातल्या 20 जणांच्या किडनीला इजा, आणि त्यांच्या लघवीतलं एनगॅल दोन तासांत उसळलेलं. आमचा रेसिडेंट त्याची प्रिंट ॲप्रनच्या खिशात घेऊन फिरायचा. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, "अरे, त्या मुलांची इजा किती वाजता झाली ते मिनिटासकट माहीत होतं, आणि बाकी ती धडधाकट होती. आपला माणूस चिखलातून येतो, पाय सुजलेला, लघवीत रक्त, ताप, त्यात कॅथेटर." त्याने मान डोलावली. रेसिडेंट मान डोलावतातच.

खरेदी

यावर फार लिहिण्यासारखं नाही, एक गोष्ट सोडून. एकाच प्रथिनाला एनगॅल, लिपोकॅलिन-2, सायडेरोकॅलिन अशी तीन नावं आहेत, आणि जुन्या पेपरांत 24पी3 हे चौथं. कोटेशनवर एनगॅल, बिलावर लिपोकॅलिन-2. अकाउंट्सने फाइल परत पाठवली: 'मागवलेला माल व आलेला माल भिन्न दिसतो, खुलासा करावा.' खुलासा करण्यात अकरा दिवस गेले. पावसाळ्यात जमवलेल्या नमुन्यांना फ्रीजरमध्ये फाल्गुन उजाडला.

खोका आला तो रंगपंचमीला. त्या दिवशी नाशकात कुरिअरवाला काय, कुणीच कामावर नसतं. जुन्या गावात पेशवाईतल्या रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडलेल्या, अर्धं शहर त्यात उड्या मारत असतं. खोका अंबडच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस पडून राहिला. हातात आला तेव्हा आतल्या जेल पॅकचं कोमट पाणी झालं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी खापर याच कोमट पाण्यावर फोडलं.

आमच्याकडे दोन गोष्टी आल्या होत्या. एक एलायझाचं किट, आकडा मोजायला. दुसरी ब्लॉटसाठी, म्हणजे जेलवरची प्रथिनं मेम्ब्रेनवर उतरवून ओळखण्यासाठी, सुटी अँटिबॉडी, सशात बनवलेली, माणसाचं एनगॅल ओळखणारी पॉलिक्लोनल, सुकवलेल्या पावडरीच्या रूपात. दोन्हींवर ठळक अक्षरांत: फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही.

पहिले आकडे

19 पेशंट. प्रत्येकाचे तीन नमुने ठरलेले: दाखल होताना एएसव्हीच्या आधी, मग 24 तासांनी, मग 48 तासांनी. काही हुकले, हाती 51 ट्यूब आल्या. शिवाय नर्सिंग आणि लॅबच्या स्टाफमधले 12 निरोगी जण तुलनेसाठी, कंट्रोल म्हणून. केडिगो निकषांत 19 पैकी सहाच पेशंट बसत होते.

एलायझात मात्र जवळपास सगळेच वर. किडनी ठणठणीत असलेलेही वर. लघवीच्या क्रिएटिनीनने भागून पाहिलं, कारण सलाइनवर असलेल्या माणसाची लघवी पातळ होते आणि नुसता आकडा फसवतो. तरी वरच. आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे 12 कंट्रोलपैकी तीन जणी, ड्युटी करून आलेल्या, हसत्याखेळत्या सिस्टर, त्यांचे आकडे आजारी माणसांच्या पंक्तीत.

"अँटिबॉडी गेली," सर म्हणाले. "दोन दिवस उन्हात पडल्यावर काय राहणार?"

मला ते पटेना. आयजीजी, म्हणजे या अँटिबॉडीचा प्रकार, हा दणकट रेणू आहे. सुकवलेली पावडर तर दोन-चार दिवसांच्या उकाड्याला सहसा दाद देत नाही. आणि अँटिबॉडी मेली तर सिग्नल पडतो, बहुतेक सगळं कोरं येतं. आमच्याकडे उलटं चाललं होतं, सगळीकडेच भरभरून दिसत होतं. मुकं झालेलं माणूस आरडाओरडा कसा करेल? पण वाद घालण्यापेक्षा ब्लॉट लावू असं ठरलं. एलायझा फक्त रंग दाखवतं. ब्लॉटमध्ये रंग कुठल्या वजनाच्या प्रथिनावर बसलाय तेही दिसतं.

पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी पुरवठादाराने जंतूंमध्ये बनवलेलं मानवी एनगॅल दिलं होतं. त्यात एक गंमत आहे, नवख्याला घाबरवणारी. माणसाच्या एनगॅलवर साखरेची एक साखळी असते, म्हणून ते जेलवर 25 च्या आसपास पळतं. ई. कोलायला ती साखळी लावता येत नाही, म्हणून तिथे बनवलेलं 21 च्या आसपास, म्हणजे खाली उतरतं. रेसिडेंटला वाटलं आपण चुकीचंच प्रथिन विकत घेतलं. मग मी माझ्याच हाताचं 5 मिली रक्त काढायला लावलं, त्यातले न्यूट्रोफिल वेगळे करून फोडले आणि ते एका लेनमध्ये चालवले. पट्टा बरोबर 25 ला. अँटिबॉडी जिवंत होती, आणि आपलं काम जाणत होती.

पेशंटांच्या लेनही 25 ला चमकल्या. रेसिडेंटने लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला. दाखल होतानाच्या नमुन्यात फिकट, 24 तासांनी ठसठशीत, 48 तासांनी आणखी गडद. प्रबंधात काढून लावावं असं चित्र. सरांनीही अंगठा दाखवला.

दोन साक्षीदार, एलायझा आणि ब्लॉट, एकच जबानी देत होते. दोघांचीही जबानी फसवी होती, आणि दोघांच्या फसवेपणाची कारणं वेगळी होती, हे कळायला अजून तीन आठवडे जायचे होते.

शिल्लक पट्टा

खरं तर ती चाचणी मी सवयीने लावली, संशय येऊन नाही. नवी अँटिबॉडी आली की तिला आधी तिचंच प्रथिन पोटभर द्यायचं. शुद्ध एनगॅल भरपूर घालून ती रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. तिचे सगळे हात भरून जातात. मग ती मेम्ब्रेनवर ओतली तर खरा पट्टा नाहीसा व्हायला हवा, कारण पकडायला हातच मोकळे नाहीत.

माझ्या न्यूट्रोफिलचा पट्टा गेला. तिघी सिस्टरांचा गेला. पेशंटांच्या दाखल होतानाच्या नमुन्यांतलाही गेला. पण 24 आणि 48 तासांच्या नमुन्यांत फिकट का होईना, पट्टा राहिलाच. 25 ला. म्हणजे तिथे एनगॅलशिवाय दुसरं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली अँटिबॉडी घातलीच नाही. नुसती सेकंडरी. ही बकरीत बनवलेली असते, तिचं काम सशाची अँटिबॉडी शोधून तिच्यावर रंगाची यंत्रणा बसवणं. ससाच नसेल तर तिने काय पकडायचं? मेम्ब्रेन कोरीकरकरीत यायला हवी.

आली नाही. त्याच लेन, तोच पट्टा.

ही साधी तपासणी आम्ही पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. लावली नाही, कारण पहिल्या चित्रात आम्हाला जे हवं होतं तेच दिसलं होतं. मी वीस वर्षं बेंचवर आहे. नकोसा निकाल आला की मी चार वेळा तपासते. हवाहवासा आला की चहा मागवते.

मग यादी काढून बसलो. शिल्लक पट्टा कोणात आहे, कोणात नाही? दाखल होताना कुणातच नाही. कंट्रोलमध्ये नाही. 24 तासांनंतर सगळ्यांत, एक सोडून. हा एक म्हणजे सतरा नंबरचा पेशंट, दात लागले पण विष उतरलं नाही असा कोरडा दंश. 20 मिनिटांची तपासणी पुन्हापुन्हा ठीक आली, म्हणून दोन दिवस नुसता नजरेखाली ठेवून घरी पाठवलेला.

रेसिडेंट यादीकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "याला एएसव्ही दिलंच नव्हतं."

एएसव्ही घोड्यात बनतं. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस देत त्याच्या रक्तात अँटिबॉडी तयार करायच्या, त्या शुद्ध करून बाटलीत भरायच्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे घोड्यांची ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. भारतात मिळणारं एएसव्ही म्हणजे घोड्याची अख्खी अँटिबॉडी नव्हे. पेप्सिन या विकराने तिचं शेपूट कापून ठेवलेला, दोन हात शाबूत असलेला तुकडा असतो तो, साधारण 110 किलोडाल्टनचा. धडधाकट किडनी इतकं मोठं काही सहसा लघवीत सोडत नाही. पण घोणशीच्या पेशंटच्या लघवीत रक्तच उतरलेलं असतं, आणि दुखावलेली गाळणीही गळते.

आता जेलचं बघा. नमुना जेलवर घालण्याआधी आपण त्यात मर्कॅप्टोइथेनॉल घालून उकळतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हा द्रव प्रथिनांमधले गंधकाचे टाके उसवतो. घोड्याच्या त्या 110 च्या तुकड्याचे टाके उसवले की चार तुकडे पडतात, आणि प्रत्येकाचं वजन? 25 च्या आसपास. एनगॅलच्याच खुर्चीवर. वर बकरीच्या सेकंडरीला घोड्याची अँटिबॉडी सशाच्या अँटिबॉडीसारखी वाटली. सस्तन प्राण्यांच्या आयजीजी एकमेकींच्या चुलत बहिणीच, चेहरेपट्टी जुळते. म्हणून तर बाजारात अशा इतर प्राण्यांच्या अँटिबॉडीशी जुळणारा भाग गाळून काढलेल्या सेकंडरी वेगळ्या किमतीला मिळतात. आम्ही स्वस्तातली घेतली होती.

थोडक्यात, एका मेम्ब्रेनवर ससा, बकरी, घोडा आणि माणूस असे चौघं जमले होते, आणि आम्ही फक्त माणसाला हजर धरत होतो.

आणि यातला धोका बघा. घोडा दाखल होताना नसतो, एएसव्ही दिल्यावर येतो, ज्याला जास्त बाटल्या लागल्या त्याच्यात जास्त, ज्याची किडनी जास्त गळते त्याच्यात जास्त. अगदी आमच्या गृहीतकाबरहुकूम चढणारा पट्टा. तो पेपर म्हणून छापूनही आला असता.

म्हणून ती सातवी लेन. मी कॅज्युअल्टीत जाऊन सिस्टरना विचारलं, "वापरलेली बाटली आहे का एएसव्हीची?" त्यांनी लाल पिशवीकडे बोट दाखवलं. तळाशी दोन थेंब होते. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

मर्कॅप्टो न घालता

घोडा सापडला, पण एलायझाचं कोडं तसंच होतं. तिघी सिस्टरांना कुणी एएसव्ही दिलं नव्हतं, आणि त्यांचा पट्टा खरा होता, शुद्ध एनगॅल पाजल्यावर गेला होता.

इथे त्या दुर्गंधी बाटलीचा दुसरा उपयोग सुचला: ती न वापरणं. मर्कॅप्टो न घालता जेल चालवला तर टाके शाबूत राहतात. घोडा आपल्या मूळ वजनाला, वर 110 जवळ थांबेल, 25 ची खुर्ची रिकामी होईल. आणि एनगॅलबद्दलही एक गोष्ट कळेल, जी उसवलेल्या जेलवर कधीच कळत नाही. या प्रथिनात गंधकाचा एक हात मोकळा असतो. न्यूट्रोफिलमधून आलेलं एनगॅल बऱ्याच प्रमाणात त्या हाताने दुसऱ्या एनगॅलचा हात धरून येतं, म्हणजे जोडी, 45 च्या आसपास. कधी जिलेटिनेझचा हात धरतं, ते 135 जवळ. किडनीच्या नलिका मात्र मुख्यतः एकटं, 25 चं एनगॅल सोडतात. टाके उसवले की जोडपी आणि एकटी सगळी 25 वर येऊन बसतात, आणि कोण कुठून आलं याचा पुरावाच धुऊन निघतो.

नवी, गाळलेली सेकंडरी मागवली. यावेळी अकाउंट्सने खुलासा मागितला नाही. बिनमर्कॅप्टोचा जेल लावला. 135 आणि 110 जवळजवळ असल्याने वरच्या भागातल्या पट्ट्यांवर मी एक शब्दही लिहिणार नाही. पण खालचा भाग स्वच्छ होता. सहा किडनीग्रस्त पेशंटांपैकी पाच जणांत 25 ठळक. बाकीच्या बहुतेकांत 25 नाममात्र, आणि 45 चा पट्टा जाडजूड. तिघी सिस्टरांत फक्त 45.

म्हणजे एलायझा खोटं बोलत नव्हतं. त्याने एनगॅलच मोजलं होतं. फक्त ते किडनीचं नव्हतं, पांढऱ्या पेशींचं होतं.

क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवसांचे साधे लघवीचे रिपोर्ट होते. काढून जुळवले. ज्यांचा 45 जाड, त्यांच्यापुढे पस सेल्स, म्हणजे लघवीत उतरलेल्या पांढऱ्या पेशी, 8-10, 15-20, एकाला 'भरपूर'. कॅथेटर टाकलेले बहुतेक त्यात. सिस्टरांची तपासणी केलीच नव्हती, निरोगी माणसाची कोण करतं? दोघींनी आपणहून सांगितलं की त्या आठवड्यात लघवीला जळजळ होती. पाणी न पिता बारा तासांची ड्युटी, दुसरं काय होणार. तिसरीचा नमुना बहुधा घेतानाच बाहेरून पेशी मिसळून आला असावा.

पण पेशी अख्ख्या असत्या तर नमुना फिरवल्यावर तळाशी बसल्या असत्या आणि वरचं पाणी स्वच्छ मिळालं असतं. आम्ही तर सेंट्रिफ्यूज करत होतो, प्रोटोकॉलमध्ये लिहिलंच होतं: 'दोन तासांच्या आत.' मग पेशींच्या आतलं एनगॅल बाहेर आलं कसं?

याचं उत्तर वॉर्डातून नमुने आणणाऱ्या मावशींनी दिलं, तेही मी दुसरंच काही विचारत असताना.

"मावशी, रात्रीचे नमुने तुम्ही कुठल्या डब्यातून आणता?"

"डबा कुठला मॅडम, ट्रेमधी. रात्री घेतलेले तिथं खिडकीतच ऱ्हातात. लॅब उघडली का नऊला मी एकदम आणते सगळे."

"रात्रभर खिडकीत?"

"मग? रात्री कोण घेतंय ते? आणि ज्या दिवशी मी सुट्टीवर, त्या दिवशी ते फ्रीजरमधी ठेवून देतात, मी आले का मग काढून देतात."

म्हणजे काही नमुने रात्रभर खिडकीत, तिथे पेशी फुटत राहिल्या. काही तर न फिरवताच गोठवलेले, आणि गोठून वितळताना पेशी फुटतेच. आतलं सगळं बाहेर. आमचा 'दोन तासांच्या आत' हा नमुना लॅबमध्ये पोचल्यापासून मोजला जात होता. हा दोष मावशींचा अजिबात नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि रेसिडेंटने वॉर्डातून नमुना कधी निघतो हे एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. मीही नाही.

काय ठेवलं, काय टाकलं

51 पैकी ज्यांच्या घेण्याची आणि फिरवण्याची वेळ दोन्हीकडच्या नोंदींवरून नक्की ठरली, असे 14 नमुने उरले. त्यावर प्रबंध उभा राहत नाही. सरांनी थोडं रागावून, मग थोडं हसून रेसिडेंटला सांगितलं की विषयाची दिशा बदल: घोणसदंशात लघवीतलं एनगॅल मोजताना काय काय फसवतं, तेच लिही. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठाकडे बदलाचा अर्ज गेला.

नव्या पावसाळ्यासाठी ठरवलेल्या गोष्टी किरकोळ आहेत. कॅज्युअल्टीत एक छोटा सेंट्रिफ्यूज, रात्रीच्या टेक्निशियनकडे. नमुना आला की 10 मिनिटं फिरवून वरचं पाणी वेगळ्या ट्यूबमध्ये, आणि थेट मायक्रोबायोलॉजीत कोविडच्या काळात आलेल्या उणे 80 च्या फ्रीजरमध्ये. उणे 20 ला एनगॅल महिनोन्महिने नीट टिकत नाही. प्रत्येक नमुन्यासोबत त्याच क्षणी पस सेल्सची मोजणी. प्रत्येक ब्लॉटवर एक लेन एएसव्हीची आणि एक पट्टी नुसत्या सेकंडरीची. आणि एक वही, ती मावशींकडे. आता रात्रीची पाळीही त्यांनी मागून घेतलीय.

सर्पदंशाच्या पहिल्याच पेशंटला मेडिसिनच्या ज्युनिअरने रात्री मला फोन केला. आवणीवरून परतताना पायाला दंश, पेठकडचा माणूस, पन्नास किलोचा.

"मॅडम, याचं एनगॅल किती आलं? नेफ्रोला बोलवायचं का ठरवायचंय."

"ते रिपोर्टसाठी नाही रे, बाटलीवर लिहिलंय. लघवी किती झालीय?"

कागद उलटल्याचा आवाज आला. "सहा तासांत 90 मिली."

"मग एनगॅल कशाला विचारतोस? बोलव त्यांना."

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर 2023 मध्ये लहान मुलांच्या आणि किशोरांच्या लघवीतल्या एनगॅलच्या एका तपासणीला परवानगी दिली आहे. म्हणजे योग्य अँटिबॉडींची जोडी, योग्य नमुना, ठरलेला पेशंट असेल तर ही गोष्ट वॉर्डात पोचू शकते. आमची ट्यूब त्या रात्री फ्रीजरमध्ये गेली आणि अजून तिथेच आहे, जेल पुढच्या आठवड्यात. मावशींच्या वहीत त्या रात्रीची ओळ निळ्या शाईत आहे, थोडी तिरकी: 'पेठचा पेशंट. सुई द्यायच्या आधी. लघवी 2.40. फिरवली 3.05.'